नोंदवून न घेतलेले वाक्य

घर रिकामे करून द्या म्हणून लोक माझ्याकडे यायचे, आणि घर रिकामे होऊ देऊ नका म्हणूनही यायचे. कधी एकाच सकाळी दोन्ही प्रकारचे अशील ऑफिसातल्या एकाच बाकावर शेजारी बसलेले असत. एकमेकांना वर्तमानपत्राची पाने देत असत. आपण कुणाशेजारी बसलो आहोत हे त्यांना ठाऊक नसे आणि मीही सांगत नसे. सांगली आणि सातारा जिल्ह्यांतल्या कोर्टांत चौतीस वर्षे मी मुख्यतः हेच काम केले. आता काळा कोट कपाटात आहे. पत्नीने त्याच्या खिशात डांबराच्या गोळ्या ठेवल्या आहेत.

या धंद्यात गमतीदार माणसे पुष्कळ भेटली. कोरेगावचे एक निवृत्त सुभेदार आपल्याच घराचा नकाशा घेऊन आले होते. लाल पेन्सिलीने खुणा केलेल्या. "साहेब, शत्रू हितं सैपाकघरात हाय. माडी आपल्या ताब्यात. जिना मात्र दोघांच्या मारात." शत्रू कोण म्हणून विचारले तर म्हणाले, "मेव्हणा." त्या प्रकरणात दावा दाखल झालाच नाही. सुभेदारांच्या पत्नीने दोघांना एका ताटात जेवायला वाढले आणि माझा अशील गेला. लग्नकार्यात, बार रूममध्ये मी असल्याच गोष्टी सांगत आलो. सिस्टरांची गोष्ट मात्र कुणाला सांगितली नाही. पत्नीलाही नाही.

आधी थोडे कायद्याचे सांगायला हवे, नाहीतर पुढचे कळणार नाही. आपल्याकडे घर भाड्याने देण्याचे दोन मार्ग आहेत. जुना मार्ग साध्या भाडेकरूचा. त्याला कायद्याचे मोठे संरक्षण आहे. मालकाने कोर्टात ठरावीक कारण सिद्ध केल्याशिवाय तो निघत नाही. 'मला स्वतःला राहायला घर हवे' हे त्यातले एक कारण; पण ती गरज खरी आहे हे सिद्ध करावे लागते, आणि घर सोडून भाडेकरूचे जास्त हाल होतील की घर न मिळून मालकाचे, हेही कोर्ट तोलते. दुसरा मार्ग लिव्ह अँड लायसन्सचा, अकरा महिन्यांच्या लेखी कराराचा. त्यात मुदत संपली की माणसाने उठायचे. न उठल्यास मालक पुण्याच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतो आणि तिथे बचावाला फारशी जागा नसते. लेखी करार केलेलाच नसेल तर? तर भाडेकरू जे सांगेल ते कोर्ट खरे धरून चालते. म्हणजे विश्वासावर घर दिले तो मालक अडकला.

सुमन वाघमारे अशाच अडकल्या. त्या आरोग्यसेविका होत्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. नोकरीची बहुतेक वर्षे जत तालुक्यात गेली. उपकेंद्रे, बाळंतपणे, पोलिओचे डोस आणि टँकरच्या पाण्यात औषध टाकणे. नवरा लवकर गेला, मूल नव्हते. नोकरीत असतानाच त्यांनी सांगलीत विश्रामबागच्या मागे दोन खोल्यांचे छोटे घर घेतले. का घेतले ते त्यांनी मला पुढे सांगितले. नोकरीच्या सुरुवातीला सांगलीत खोली शोधताना लोक आधी आडनाव विचारायचे आणि मग 'कालच दिली हो' म्हणायचे. पुन्हा कधी कुणाच्या दारात उभे राहायला लागू नये म्हणून ते घर.

घेतले तेव्हा निवृत्तीला बरीच वर्षे होती. तोवर घर बंद कशाला ठेवायचे म्हणून त्यांनी दिनकर माने या पतसंस्थेतल्या लिपिकाला ते भाड्याने दिले. कागद केला नाही. मान्यांच्या पत्नीचे पहिले बाळंतपण सिस्टरांनीच केले होते. त्या घरात कागद मागायचा कसा, असे त्यांना वाटले.

सिस्टर निवृत्त झाल्या आणि घर मागितले. माने आज-उद्या करत राहिले. मुलाची दहावी, मग बारावी, मग पत्नीचे ऑपरेशन. ही सारी कारणे खरी होती. मान्यांना मी खलनायक म्हणणार नाही. तसे म्हटले तर माझे काम फार सोपे होईल. शेवटी सिस्टरांनी दावा लावला आणि माने समन्स घेऊन माझ्याकडे आले.

"साहेब, या पगारात मला दुसरं घर मिळायचं न्हाई. पोरगं शिकतंय. तेवढी चार वर्सं काढून द्या."

"चार कशाला," मी म्हणालो, "दहा काढून देतो."

तेव्हा हे बोलताना मला अभिमान वाटला होता. माझी ख्यातीच ती होती. मागे लोक मला 'तारीखवाले' म्हणत आणि ते कानावर आले की मला बरे वाटे. तारीख मिळवणे ही कला आहे, खोटे बोलण्याचा प्रकार नव्हे. लेखी कैफियतीला मुदत मागायची. दाव्यातल्या चतुःसीमेत उत्तरेऐवजी वायव्य लिहिले आहे म्हणून हरकत घ्यायची. समोरच्याने दुरुस्तीचा अर्ज दिला की त्याला उत्तर द्यायला पुन्हा मुदत. घराची पाहणी करायला कोर्ट कमिशनर मागायचा, त्याचा अहवाल आला की त्यावर हरकत. न्यायाधीशांची बदली जवळ आली की उलटतपास सुरूच करायचा नाही. यातली एकही गोष्ट बेकायदा नाही. प्रत्येक अर्जावर न्यायाधीशांची सही आहे.

सिस्टर प्रत्येक तारखेला यायच्या. पांढरी साडी, काखेत कापडी पिशवी, पिशवीत सगळी कागदपत्रे. कोर्टाच्या व्हरांड्यात उभ्या राहायच्या, कारण गुडघे दुखत आणि एकदा बसले की उठवत नसे. मला पाहिले की "नमस्कार वकीलसाहेब" म्हणायच्या. इतर वादी आम्हा विरुद्ध बाजूच्या वकिलांकडे पाहून थुंकत. या नमस्कार करायच्या.

त्या स्वतः नदीकडच्या भागात एका खोलीत भाड्याने राहत होत्या. ते घर एका भल्या शिक्षकाचे होते, त्याने आडनाव विचारले नव्हते. करार मात्र अकरा महिन्यांचा, पक्का, दरवर्षी नवा. महापूर आला तेव्हा त्या खोलीत माळ्यापर्यंत पाणी चढले आणि सिस्टर पंधरा दिवस शाळेच्या वर्गात झोपल्या. त्यांचे स्वतःचे घर उंचावर होते, कोरडे ठणठणीत. पूर ओसरल्यावर त्यांच्या वकिलाने दावा लवकर चालवावा म्हणून अर्ज दिला. मी उत्तरात लिहिले की पूर ही तात्पुरती आपत्ती असून तीवरून कायमस्वरूपी गरज सिद्ध होत नाही. अर्ज नामंजूर झाला. त्या दिवशी एका सहकाऱ्याने 'वाक्य झकास होतं हं' म्हणून माझ्या पाठीवर थाप मारली.

अशी नऊ वर्षे गेली. मान्यांचा मुलगा इंजिनियर होऊन शिरवळच्या एका कारखान्यात लागला. त्याने तिथे फ्लॅट घेतला. माने निवृत्त झाले. ज्या चार वर्षांसाठी ते आले होते ती केव्हाच सरली होती. मी एकदा त्यांना म्हणालो, "माने, आता सोडायचं का घर? मुलाकडे जागा आहे."

"सोडू कसं साहेब? इतकी वर्सं लढलो ते काय सोडाय? ताबा हाय तवर किंमत हाय."

अशील म्हणेल तसे वागणे हे वकिलाचे काम आहे. मी पुढची तारीख डायरीत लिहिली.

त्यानंतर काही दिवसांनी, दुपारच्या वेळी, माझे कारकून तात्या आत आले. तात्या माझ्यापेक्षा वयाने मोठे, माझ्या गुरूंकडून माझ्याकडे आलेले. दार लोटून हळूच म्हणाले, "साहेब, आपली विरुद्ध पार्टी आलीया. ती सिस्टर. काय करू?"

विरुद्ध पक्षाची, त्याच्या वकिलाच्या माघारी, भेट घ्यायची नसते. हे पहिल्या वर्षाच्या वकिलालाही ठाऊक असते. मी म्हणालो, "बसवा आत."

सिस्टर खुर्चीत बसल्या. पिशवीतून एक नोटीस काढून टेबलावर ठेवली. घरमालक शिक्षक वारला होता. त्याच्या मुलांना ती जागा बिल्डरला द्यायची होती. करार संपला होता, नवा होणार नव्हता, आणि पुण्याच्या कार्यालयाचा कागद आला होता.

"तुमी घर लय चांगलं थांबवता असं सगळी म्हणत्यात," त्या म्हणाल्या. "मी बघितलंय बी नऊ वर्सं. तवा म्हटलं, माझं पण थांबवा."

त्या टोमणा मारत असतील म्हणून मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. टोमणा नव्हता. बाळंतपणात नावाजलेली सुईण बोलवावी तशा त्या आल्या होत्या.

मी सांगितले, "सिस्टर, मी मान्यांचा वकील आहे. तुमचं काम मला घेता येत नाही."

"ते निराळं, हे निराळं की."

"कायद्यात निराळं नाही. शिवाय यात थांबवण्यासारखं काही नाही. तुमच्याकडे लेखी करार आहे."

"कागद हाय म्हणून मी बाहीर?"

"हो."

"आन मान्यांचा कागद न्हाई म्हणून ते आत?"

मी नोटीस घडी घालून त्यांच्याकडे सरकवली. मग विधी सेवा प्राधिकरणात मोफत वकील मिळतो, तिकडे जा, असे सुचवले. त्या तिकडे जाऊन आल्या होत्या. तिथल्या तरुण वकील मुलीनेही हेच सांगितले होते, फक्त तिच्या डोळ्यांत पाणी आले होते.

मग सिस्टर म्हणाल्या की पंधरा दिवसांत सतरा खोल्या पाहिल्या. "नोकरीला लागले त्या वेळेवानीच हाय साहेब. आता एजंट विचारतो एवढंच. व्हेज-नॉनव्हेज विचारतो, एकट्या का म्हणून विचारतो, मग नाव पूर्ण सांगा म्हणतो. मग फोन उचलत न्हाई." त्या पुढे म्हणाल्या, "जतला भाची हाय, रत्ना. तिचा नवरा पाण्याच्या टँकरवर डायव्हर. ती लय बोलावती. पर तिकडं गेलं की माझ्या दाव्याचं कसं? जाऊ का तिच्याकडं? तुमी सांगा. तुमाला कायदा ठावं हाय."

त्यांच्या वकिलाला विचारा, एवढेच उत्तर योग्य होते. तेच द्यायचे होते. पण मी म्हणालो, "जा, सिस्टर. या वयात आपल्या माणसांत असलेलं बरं."

हे वाक्य मी का बोललो? समोर थकलेली बाई होती, गुडघे सुजलेले होते, तिला कुणीतरी आपले हवे होते. म्हणून बोललो, असे मला वाटते. पण सांगली सोडून ती जतला गेली की सांगलीतल्या घराची तिची गरज लंगडी पडते, हे मला त्याच क्षणी दिसले होते. दिसल्यावर बोललो की बोलल्यावर दिसले, हे मी कितीदा तरी आठवून पाहिले आहे. लागत नाही.

सिस्टरांनी मान डोलावली. जाताना म्हणाल्या, "बरं वाटलं. खरं सांगणारं कोन न्हाई बघा."

तीन महिन्यांनी त्यांचा उलटतपास लागला. या वेळी मी तारीख मागितली नाही.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात त्या कठडा धरून उभ्या राहिल्या. न्यायाधीशांनी खुर्ची देऊ केली, त्यांनी नको म्हटले. मी सावकाश विचारत गेलो. निवृत्तिवेतन मिळते? मिळते. एकट्याच आहात? व्हय. मग विचारले, "सध्या आपण सांगलीत राहत नाही, हे खरे आहे ना?"

"न्हाई राहत."

"जतला भाचीकडे राहता?"

"व्हय."

"ती आपली चांगली काळजी घेते?"

"घेती की. लय घेती."

"म्हणजे आपण स्वखुशीने तिथे राहायला गेला आहात."

सिस्टर माझ्याकडे पाहू लागल्या. राग नव्हता. समजून घ्यायचा प्रयत्न करत होत्या.

"आवं, तुमीच म्हनालात की, जा म्हनून."

कोर्टात मागे कुणीतरी हसले. त्यांना वाटले म्हातारी भांबावली. सिस्टरांचे वकील पुढच्या दाव्याची फाइल चाळत होते. त्यांनी मान वर केली नाही. न्यायाधीशांनी मात्र चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. दोन-तीन सेकंद. मी उठून सांगू शकलो असतो. 'होय, महाराज, ही बाई माझ्याकडे आली होती आणि मी तसे म्हणालो' एवढेच. सांगितले असते तर मला वकीलपत्र सोडावे लागले असते, कदाचित सनदेवरही आले असते, आणि तिचे उत्तर तिने ज्या अर्थाने दिले त्या अर्थाने कागदावर आले असते.

मी हातातल्या कागदांकडे पाहत राहिलो.

"बाई, प्रश्नाचं उत्तर द्या," न्यायाधीश म्हणाले. "स्वखुशीने गेलात, होय की नाही?"

"व्हय," सिस्टर म्हणाल्या.

न्यायाधीशांनी टायपिस्टला मजकूर सांगितला: 'हे म्हणणे खरे आहे की, मी सध्या जत येथे भाचीकडे स्वखुशीने राहते. ती माझी चांगली काळजी घेते.' आधीचे वाक्य नोंदले गेले नाही. सिस्टरांनी जबानीखाली सही केली. वळणदार, रजिस्टरे लिहून घोटलेली सही.

दावा फेटाळला गेला. निकालपत्रात माझ्या युक्तिवादातला एक परिच्छेद जवळजवळ जसाच्या तसा होता. वादी जत येथे नातेवाइकांत सुस्थितीत राहत असून तिची गरज प्रामाणिक असल्याचे शाबीत होत नाही. माने पेढे घेऊन आले. तात्यांनी पेढा घेतला, कागदात गुंडाळून टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला. संध्याकाळी ते घरी गेले तरी तो तिथेच होता.

सिस्टरांनी जिल्हा न्यायालयात अपील केले. त्याच सुमारास माझे जतच्या कोर्टात दुसऱ्याच कुणाचे काम निघाले. काम अकरालाच आटोपले. परतीच्या रस्त्यावर मी ड्रायव्हरला गाडी रत्नाच्या घराकडे आत घ्यायला सांगितली; पत्ता अपिलाच्या कागदांवर होता. माफी मागायला चाललो होतो का, हे नक्की सांगता येत नाही.

रत्नाचे घर पत्र्याचे होते, समोर ज्वारीचे रान, वाळून करडे झालेले. दाराशी पाण्याचे बॅरल. शेजारच्या बायका कन्नडमध्ये बोलत होत्या आणि मला पाहून थांबल्या. सिस्टर बाजेवर बसल्या होत्या. पाय फार सुजले होते. मला पाहून त्यांनी उठायचा प्रयत्न केला.

"बसा, बसा," मी म्हणालो.

"वकीलसाहेब तुमी? एवढ्या उन्हाचं?" त्यांनी रत्नाला चहा ठेवायला सांगितले. घराची चौकशी केली नाही, दाव्याचे बोलल्या नाहीत. चहा झाल्यावर मात्र पिशवी जवळ ओढली.

"एक इचारू का? तुमी चिडू नका. मी परत सांगलीला येऊन कुटं बी खोली घेतली, न्हाई तर एस्टी स्टँडवर पडले समजा, तर माझी गरज शाबीत हुईल का अपिलात?"

याचे उत्तर मला ठाऊक होते. बदललेली परिस्थिती अपिलात मांडता येते. अर्ज द्यावा लागतो. एका वाक्याचे काम होते. पण अपिलातही मान्यांचे वकीलपत्र माझेच होते.

"मला सांगता येणार नाही, सिस्टर. तुमच्या वकिलांना विचारा."

"ते फोन उचलत न्हाईत," त्या म्हणाल्या. मग हसल्या. "असू द्या. तुमचं बी बरोबर हाय."

त्या वेळी सांगायला नको होते ते मी सांगितले होते, आणि आता सांगायचे ते सांगितले नाही. दोन्ही वेळा कायदा बघितला तर एकदा मोडला आणि एकदा पाळला. दोन्हींत बुडाल्या त्या सिस्टर. गाडीत बसल्यावर ड्रायव्हरने विचारले, कुणी नातेवाईक होते का? मी हो म्हणालो.

अपील पहिल्या सुनावणीला येण्याआधी सिस्टर गेल्या. मूत्रपिंडे निकामी झाली होती. मिरजेच्या रुग्णालयात पोहोचण्याआधीच, वाटेत. घर त्यांनी मृत्युपत्राने रत्नाला दिले होते. रत्नाला तारखा करणे शक्य नव्हते, आणि आत भाडेकरू असलेले घर बाहेरचा कुणी घेत नाही. शेवटी मान्यांनीच ते विकत घेतले. काय भावात, ते वाचकांनी ओळखावे. तडजोड झाल्याचे कोर्टाला कळवणारी पुरसीस आणि खरेदीखत दोन्ही मीच केले. नाही म्हणावे असे एकदा मनात आले. मी नाही म्हटले असते तर शेजारच्या टेबलावरच्या वकिलाने अर्ध्या तासात केले असते. ही सबब आमच्या धंद्यात फार जुनी आहे आणि ती दरवेळी खरी असते.

दुय्यम निबंधक कार्यालयात रत्ना नवऱ्याबरोबर आली होती. तो टँकरची एक खेप चुकवून आलेला. नंबर यायला वेळ होता. माने बाहेर फोनवर मुलाशी बोलत होते. रत्ना माझ्या शेजारी बाकावर येऊन बसली.

"साहेब, मावशी तुमचं नाव लय काढायची."

मी फाइलची दोरी सोडून पुन्हा बांधली.

"मी म्हणायची, आगं, त्या माणसानंच तुला बुडिवलं. तर म्हणायची, न्हाई गं, कोर्टातलं निराळं. त्या दिवशी जा म्हनाला तवा त्यो मनापासनं बोलला. मला माणसाचं तोंड कळतं, म्हणायची, इतकी बाळंतपणं केल्यात." रत्नाने पदराने तोंड पुसले. "खरं हाय का साहेब? मनापासनं म्हनाला व्हता?"

आतून आमचा नंबर पुकारला गेला.

"हो," मी म्हणालो.

ती उठली, आत गेली. कारकुनाने दाखवलेल्या यंत्रावर तिने अंगठा ठेवला. ठसा उमटला नाही. अंगठा पुसून पुन्हा ठेवा, असे त्याने सांगितले. तिने पदराला पुसून पुन्हा ठेवला, आणि या वेळी यंत्राने घेतला.